कुंडलिकेपासून कोरिंगापर्यंत

जालन्याच्या माणसाची खारफुटीशी ओळख बहुतेक वेळा रेल्वेच्या खिडकीतून होते. मुंबईला जाताना कळव्याजवळ गाडी खाडी ओलांडते, चिखलात उभी हिरवी झुडपे दिसतात आणि मागे पडतात. जिल्ह्याला समुद्र नाही, त्यामुळे हा विषय कोकणवाल्यांचा, असेच इथे धरून चालतात.

नकाशावर मात्र पश्चिमेऐवजी पूर्वेकडे बोट फिरवून पाहावे. जालना शहरातून वाहणारी कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांच्या दक्षिण हद्दीवर तर खुद्द गोदावरीच आहे. हे पाणी तेलंगण आणि आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते, तिथे काकीनाड्याजवळ कोरिंगा अभयारण्याची खारफुटी पसरली आहे. २०२१ च्या वनस्थिती अहवालानुसार आंध्र प्रदेशात ४०५ चौरस किलोमीटर खारफुटी आहे, महाराष्ट्रात ३२४. आंध्रातल्या या जंगलाचा मोठा हिस्सा गोदावरीच्या मुखाशी आहे. जालन्याचा पाऊस शेवटी जातो तो तिथे.

खारफुटी उजाड का झाली, असे विचारले की ठरलेले उत्तर येते: गावकरी सरपणाला तोडतात. तमिळनाडूतील पिचावरममध्ये एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानच्या अभ्यासकांनी खोलात जाऊन पाहिले, तेव्हा मुख्य दोष दुसरीकडेच निघाला. ब्रिटिश काळापासून वनखाते तिथे पट्ट्यापट्ट्याने सगळे जंगल साफ तोडत आले होते. उघडी पडलेली ओली जमीन उन्हाने सुकली, खचली आणि मधोमध खोलगट झाली. भरतीचे पाणी आत येई, पण ओहोटीला बाहेर पडेना. ते साचून आटत गेले आणि मातीत मीठ इतके वाढले की बी रुजेना. अशा जागी हजारो रोपे लावली असती तरी मेलीच असती.

उपाय निघाला तो खोदकामाचा. एक मुख्य कालवा खाडीला जोडायचा आणि त्याच्या दोन्ही अंगांना माशाच्या काट्यासारखे तिरके फाटे काढायचे, म्हणजे भरती-ओहोटी पुन्हा सुरू होते. मग तिवर या खारफुटीच्या झाडाची रोपे कालव्याच्या उतारावर मधल्या उंचीला लावायची. फार खाली लावली तर बुडून मरतात, फार वर लावली तर पाणी पोहोचत नाही. हातभर वर-खाली झाले तरी वर्षाची मेहनत वाया जाते. हीच पद्धत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोदावरीच्या मुखाशी नेली गेली. तिथल्या मच्छीमार गावांत समित्या झाल्या, वनखाते, संस्था आणि गाव एकत्र बसले. कालवे खणले गावकऱ्यांनी. गाळ भरला की उपसायचे तेही त्यांनाच, कारण भरतीच्या पाण्याबरोबर येणारा गाळ दोन-तीन वर्षांत फाटे बुजवतो आणि तोवर पाहुणे संशोधक परत गेलेले असतात.

लोकसहभागाचे खरे माप इथे आहे. वृक्षदिनी शाळेची मुले चिखलात उतरवून फोटो काढणे सोपे असते. फिलिपिन्सने हा धडा फार महाग शिकला. तिथे दशकानुदशके लाखो रोपे लावली गेली, पण पुष्कळदा उघड्या चिखलमैदानांवर आणि सागरी गवताच्या पट्ट्यांवर, जिथे खारफुटी मुळात कधी नव्हतीच. बहुतेक रोपे गेली. ज्या सोडून दिलेल्या मत्स्यतळ्यांच्या जागी ती खरोखर जगली असती, त्यांच्या मालकीचे वाद कोणी हाती घ्यायला धजावले नाही.

महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने तोडीला आळा घातला आणि २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्ष झाला. कायद्याने तोड थांबते. पण कांदळवनाशेजारी राहणाऱ्याच्या हाती काय येते, हा प्रश्न उरतोच. २०१७ च्या राज्य योजनेने त्याचे बऱ्यापैकी व्यवहारी उत्तर दिले. खेकडेपालन, कालव-शिंपल्यांचे पालन, निसर्ग पर्यटन यांसाठी गटाला ९० टक्के आणि एकट्याला ७५ टक्के मदत. बाकी पैसे ज्याचे त्याने घालायचे. वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या महिला पर्यटकांना हाताने वल्हवायच्या होडीतून कांदळवन दाखवतात. ज्या बाईची मिळकत त्या झाडांवर आहे, तिला त्यांचे महत्त्व भाषणातून सांगावे लागत नाही.

आता पुन्हा जालन्यात येऊ, कारण हे सगळे इथे आधीच घडलेले आहे, फक्त खाऱ्या पाण्यावाचून. कडवंची हे जालना तालुक्यातले गाव. १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून आणि मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या मदतीने इथे काम झाले. मंडळाचे विजयअण्णा बोराडे यांनी त्यासाठी गावकऱ्यांशी वर्षानुवर्षे बोलणे चालू ठेवले. सुमारे १,९०० हेक्टरच्या पाणलोटात माथ्यापासून पायथ्याकडे बांधबंदिस्ती आणि चर झाले. झाडे लावण्याआधी पाण्याची वाट दुरुस्त करायची, हाच तो क्रम. चराई आणि कुऱ्हाड यांना आवर घालणे, मजुरीचा काही भाग श्रमदानाने देणे, या अटी गावाने आधी मान्य करायच्या, मग पैसा. पुढे शेततळी आली, द्राक्षबागा आल्या. २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळत असताना कडवंचीच्या बागा तगल्या.

पण कडवंचीचे कौतुक तिथेच थांबवू नये. पाण्याची सोय झाली की पिकाची भूक वाढते, विहिरीतून उपसून तळी भरली जातात आणि भूजल सगळ्यांचे आहे हे गावाला पुन्हा पुन्हा आठवावे लागते. कोरिंगाच्या कालव्यांतला गाळ आणि कडवंचीचा उपसा, दोन्ही ठिकाणी प्रकल्प संपल्यानंतरचेच प्रश्न आहेत आणि ते सोडवायला गावात बसणारी समितीच लागते.

दोन टोकांमधला तिढा गाळाचाही आहे. जालना शहराचा निजामकालीन घाणेवाडी तलाव गाळाने भरला, तेव्हा नागरिकांनी लोकवर्गणीतून तो उपसायला घेतला आणि शेतकऱ्यांनी ती माती शेतात टाकली. इथे गाळ म्हणजे अडचण, फार तर खत. त्रिभुज प्रदेशात मात्र तोच गाळ जमीन घडवतो. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. गोदावरी आणि तिच्या उपनद्यांवर अशी अनेक धरणे झाली, गाळ वर अडला आणि मुखाशी किनारा खचू लागला. नदीचे बहुतेक पाणी प्राणहिता, इंद्रावती, शबरी या उपनद्या आणतात, त्यात जालन्याचा वाटा लहान आहे हे खरे. तरी जायकवाडीच्या पाण्यावरून नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा दरवर्षी भांडतात, तेव्हा मुखाशी राहणाऱ्या मच्छीमाराचे नाव कोणाच्याही तोंडी नसते. नाशिकने पाणी अडवल्याचे दुःख मराठवाड्याला नेमके ठाऊक आहे. आपल्याही खाली कोणी आहे, हे त्यालाच सर्वांत लवकर कळायला हवे. गोदावरीच्या पाणीवाटपाच्या बैठकीत कोरिंगाच्या गावसमित्यांना बसण्याची जागा मिळावी, ही मागणी आंध्राआधी जालन्यातून उठली तर तिला वेगळे वजन येईल.