कौलं हातोहात देताना

3 जून 2020. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि ताशी 110 ते 120 किलोमीटरच्या वाऱ्यानं मुरुड-श्रीवर्धनची घरं उघडी पाडली. पत्रे उडाले, कौलं फुटली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. कोरोनाची टाळेबंदी लागून तोवर सत्तर दिवस झाले होते. सत्तर दिवस एकच सांगणं होतं: घरात राहा, दुसऱ्यापासून लांब राहा. आता घरावर छप्परच नव्हतं आणि पावसाळा तोंडावर आलेला.

कौलारू घर एकट्यानं शाकारता येत नाही. एकजण खाली, दुसरा शिडीवर, तिसरा वाशांवर. कौल हातोहात वर जातं आणि देणाऱ्याची बोटं घेणाऱ्याच्या बोटांना लागतातच. पत्र्याचं थोडं वेगळं. तो उचलताना दोघं दोन टोकांना असतात, सहा फुटांचं अंतर आपोआप राहतं. पण वर चढून तो ठोकायचा, तर खालच्याला शिडी घट्ट धरून वरच्याच्या पायाशीच उभं राहावं लागतं. संसर्गाच्या भीतीनं शेजाऱ्याची शिडी धरायला जायचं नाही, की त्याची लेकरं भिजतील म्हणून जायचं? कोणत्याही सरकारी आदेशात याचं उत्तर नव्हतं. हा प्रश्न धर्माचा होता.

महाभारताला तो अनोळखी नाही. शांतिपर्वात आपद्धर्म, म्हणजे संकटकाळातला धर्म, या नावाचं एक उपपर्वच आहे. त्यात भीष्म युधिष्ठिराला बारा वर्षांच्या अवर्षणाची गोष्ट सांगतात. भुकेनं व्याकूळ झालेले विश्वामित्र रात्री एका चांडाळाच्या घरात कुत्र्याचं मांस चोरायला शिरतात. घरमालक जागा असतो. तोच ऋषीला धर्म सांगू लागतो: हे तुम्हाला शोभत नाही. विश्वामित्रांचं म्हणणं असं की आधी जगलं पाहिजे, जगलो तर धर्म आचरता येईल. या गोष्टीचं मोठेपण त्या वादातच आहे. नियम मोडणारा नियमाला खोटं ठरवत नाही. आपण काय मोडतो आहोत याची त्याला पुरती जाणीव आहे, आणि ते मांस खाण्याआधी तो देवांचा भाग काढतो.

2020 साली बंद राहिलेल्या देवळांकडे आणि मशिदींकडे असंच पाहायला हवं. त्या वर्षी रमजान सुरू झाला 25 एप्रिलला आणि ईद आली 25 मे रोजी, वादळाच्या नऊ दिवस आधी. मुरुड-राजपुरीत मुस्लिम वस्ती मोठी आहे. रमजानमधली रात्रीची तरावीहची नमाज घराघरांत झाली. साथीच्या मुलुखात जाऊ नये आणि तिथे असलेल्यानं बाहेर पडू नये, ही शिकवण हदीसमध्ये आहेच. 1 जुलैच्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. यात श्रद्धा हरली असं म्हणणाऱ्यांना श्रद्धेची ताकदच कळली नाही. चालणं हा वारीचा प्राण, आणि तेच वारकऱ्यांनी सोडलं. कशासाठी सोडतो आहोत हे त्यांना ठाऊक होतं.

मात्र लांब राहण्याचे दोन अर्थ होतात, आणि आपल्या समाजाला त्यातला वाईट अर्थ फार जुना पाठ आहे. ‘तू अशुद्ध आहेस’ म्हणून राखलेलं अंतर हे अस्पृश्यतेचं अंतर. ‘माझ्यामुळे तुला बाधा होऊ नये’ म्हणून राखलेलं अंतर ही काळजी. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मुंबईहून गावी आलेल्या चाकरमान्याकडे पाहणाऱ्या नजरेत पहिलं किती आणि दुसरं किती, हे कोकणातल्या प्रत्येक वाडीनं स्वतःला विचारावं. गणपतीसाठी येणाऱ्यांनी 12 ऑगस्टपर्यंत पोहोचावं आणि दहा दिवस वेगळं राहावं, असा तेव्हा नियम होता. त्या दहा दिवसांत दारापर्यंत डबा आणून ठेवणारं घर आणि दार लावून घेणारं घर, नियम दोघांनीही पाळला.

राज्यकर्त्यांनाही हा फरक लागू आहे. 1897 मध्ये प्लेगच्या वेळी पुण्यात सैनिक घरांत शिरले. हेतू रोग रोखण्याचा असूनही लोकांना त्यात फक्त अपमान दिसला आणि 22 जूनला प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेग झालेल्या मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात नेताना लागण होऊन. 2020 चे निर्बंध महाराष्ट्रात लागू झाले ते त्याच 1897 च्या साथरोग कायद्याखाली. कायदा तोच होता, म्हणून तो वापरणाऱ्यांकडून जास्त माणुसकीची अपेक्षा होती.

आपद्धर्माला किंमत असते आणि ती सगळ्यांना सारखी पडत नाही. घरून काम करणाऱ्याला टाळेबंदी एक पडली. जंजिऱ्याला पर्यटक नेणाऱ्या राजपुरीच्या शिडाच्या होड्यांना आणि पाटी घेऊन बसणाऱ्या कोळणीला दुसरीच. पोफळीचं रोप फळाला यायला सहा-सात वर्षं घेतं, म्हणजे वादळात वाडी गेलेल्याचं नुकसान साथीपेक्षाही लांबलं. ज्यांनी सर्वांच्या जिवासाठी आपली कमाई सोडली, त्यांचं समाजाकडे देणं राहिलं आहे. ते दया म्हणून द्यायचं नाही, ऋण म्हणून फेडायचं आहे.

सर्वांत जड देणं मयताचं. लग्नाला आमंत्रण लागतं, मयताला लागत नाही, ही आपली रीत. आणि त्या काळात अंत्ययात्रेला वीसच माणसांची मुभा होती. कित्येकांना भावाला खांदा देता आला नाही. 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, देवळं उघडली. देवदर्शनाची तारीख सरकारला ठरवता आली. समाचाराला जाण्याची तारीख मात्र कुणी ठरवून दिलेली नाही. त्या वर्षी ज्या घरी जायचं राहून गेलं, तिथल्या ओटीवर आजही जाऊन बसता येतं, आणि त्या घरालाही ते उशिराचं वाटत नाही.