उत्सवाचा शेष

नाताळ सरला की युरोप-अमेरिकेतील नगरपालिकांपुढे दर वर्षी एकच प्रश्न उभा राहतो : घरोघरी सजविलेले ते असंख्य सूचिपर्णी वृक्ष आता टाकावयाचे कोठे? लुइझियानात काही ठिकाणी या वृक्षांचे भारे दलदलीच्या कडेने रचतात. त्यांच्यावर आदळून लाटांचा जोर ओसरतो, आडोशाला गाळ धरतो आणि खचत्या किनाऱ्यास आधार मिळतो. एका सणाचा शेष तेथे भूमीच्या कामी येतो. आपल्याकडे हाच प्रश्न अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी उपस्थित होतो, आणि भिवंडी तालुक्यातील काल्हेरसारख्या खाडीकाठच्या गावी तो टाळताच येत नाही.

उल्हास नदी जेथे खाडीरूप होऊन वसईच्या दिशेने वळते, त्या परिसरात हे गाव वसले आहे. पैलतीरी ठाणे शहर आहे. ज्या जमिनींत एके काळी भात पिकत होते त्या गुदामांखाली गेल्या, त्यांच्या शेजारी उंच इमारती उठल्या, आणि नियोजनाचा अधिकार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेला. परंतु रोजचा कचरा उचलण्याची जबाबदारी मात्र ग्रामपंचायतीच्याच शिरावर राहिली. वस्ती शहराची आणि दप्तर गावाचे, अशा या विषम अवस्थेत उत्सवाचा शेष खाडीकडे वळावा, यात नवल नाही.

निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून ते वाहत्या पाण्यात सोडावे, हा आपला जुना संकेत. ज्या काळी निर्माल्य म्हणजे दूर्वा, पत्री आणि फुले, मूर्ती म्हणजे शाडूची माती, आणि मखर म्हणजे केळीचे खुंट व आंब्याचे डहाळे होते, त्या काळी तो संकेत निसर्गाच्या नियमाशी सुसंगतच होता. परंतु खाडीचे पाणी नदीप्रमाणे एकाच दिशेस वाहत नाही : ओहोटीने जे बाहेर नेले त्यातले पुष्कळसे भरती परत आणते, आणि ते तिवरांच्या मुळांत अडकते. चिखलातून वर आलेली ही मुळे हवेतून श्वास घेतात. त्यांच्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांचे आणि थर्मोकोलच्या तुकड्यांचे थर चढले, की झाड गुदमरू लागते, व त्याच्या आश्रयाने वाढणाऱ्या मासळीच्या पिलांचा निवारा जातो.

थर्मोकोलची गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. गुदामांतून निघणारा पुठ्ठा भंगारवाला आनंदाने नेतो, कारण त्याला वजन आहे आणि म्हणून भाव आहे. थर्मोकोलच्या आकारमानात मात्र सुमारे 98 टक्के हवाच असते, त्यामुळे टेम्पो भरून नेला तरी काट्यावर हाती काही लागत नाही. जे बाजाराला नको असते, ते सार्वजनिक नियमानेच आवरावे लागते. राज्य शासनाने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली, ती याच कारणाने योग्य होती. उणीव राहिली ती अंमलबजावणीची.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीचेही असेच. ती पाण्यात विरघळते अत्यंत मंद गतीने, आणि विसर्जनानंतर भग्न अवयव किनाऱ्यावर पडलेले पाहणे हे कोणत्याही श्रद्धावंतास क्लेशकारकच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवून दिले, की अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अशी मूर्ती विरघळते आणि उरलेल्या द्रवातील अमोनियम सल्फेट खत म्हणून वापरता येते. 'पाण्यावाचून विसर्जन कसले?' असे विचारणाऱ्यांना माझे नम्र निवेदन एवढेच, की घरच्या पिंपात विरघळून तुळशीच्या मुळाशी जाणारी शाडूची मूर्ती परंपरेच्या आशयाला खाडीत तरंगणाऱ्या धडापेक्षा कितीतरी अधिक जवळ आहे.

म्हणून माझी तजवीज अशी. ग्रामपंचायतीने घाटावर निर्माल्याची निराळी व्यवस्था करावी. दोरा, कापड व प्लास्टिक वेगळे काढून उरलेल्याचे गावाच्याच जागेत खत करावे, आणि ते खत मागेल त्यास द्यावे. सार्वजनिक मंडळांना परवानगी देताना अनामत घ्यावी व मंडपाची जागा स्वच्छ झाल्यावरच ती परत करावी. मखराचे सांगाडे लाकडाचे किंवा बांबूचे, वर्षानुवर्षे पुन्हा उभे करता येतील असे असावेत. गुदामांच्या मालकांनी, ज्यांच्या व्यापाराला ही भूमी जागा देते, त्यांनी आपल्या मालासोबत येणाऱ्या थर्मोकोलची विल्हेवाट स्वतः लावावी. आणि ज्या प्राधिकरणाने येथे इमारतींना वाट करून दिली, त्याने त्या इमारतींच्या कचऱ्यासाठीही जागा व निधी राखून ठेवावा. केवळ नकाशे मंजूर करून नियोजनाचे कर्तव्य पुरे होत नाही.

यांतील काहीच आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. देवाला जे वाहिले त्याचा शेवटपर्यंत सांभाळ करणे हाही पूजेचाच विधी आहे, असे एकदा मनाने मान्य केले, की आरास निवडतानाच ती उत्सवानंतर कोठे जाईल हे ठरविणे प्रत्येक घराला आणि प्रत्येक मंडळाला प्राप्त होते.