अवधूताचे शेवटचे दोन गुरू

मार्गशीर्ष पौर्णिमेला, ऐन थंडीत, दत्तजयंती येते आणि त्या निमित्ताने अवधूताच्या चोवीस गुरूंचे स्मरण होते. भागवताच्या एकादश स्कंधातील ही यादी एकनाथांच्या १५७३ मध्ये काशीत पूर्ण झालेल्या टीकेमुळे मराठी घरांत पोचली. तीत पृथ्वी आणि समुद्र यांच्याबरोबर कपोत, मधमाशी, पतंग असे अंगणापरसात सहज दिसणारे जीवही आहेत. अशा जीवाचे वर्तन तत्त्वाचा दाखला म्हणून घेतले आणि निरीक्षणात ते निराळेच आढळले, तर त्या तत्त्वाचे काय होते, हा प्रश्न यादीतील शेवटच्या दोन गुरूंपाशी टाळता येत नाही.

तेविसावा गुरू कोळी. तो स्वतःतून तंतू काढतो आणि पुन्हा गिळतो, तसा ईश्वर विश्व प्रकट करून आवरून घेतो, असा हा दृष्टान्त आहे. थंडीच्या सकाळी दवामुळे उठून दिसणारी चक्राकार जाळी विणणारे अनेक कोळी जुने जाळे खरोखरच खाऊन नवे विणतात, तेव्हा येथे शास्त्र आणि डोळे यांचे जुळते.

चोविसावा गुरू पेशस्कार, म्हणजे मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी. तिने कोंडलेली अळी भीतीने तिचेच ध्यान करीत तद्रूप होते, अशी समजूत असून तिलाच कीटभ्रमर न्याय म्हणतात. खिडकीच्या चौकटीवरची कोठडी फोडून पाहिली तर वेगळेच दिसते: माशी आत अंडे घालते, दंशाने लुळ्या केलेल्या अळ्या भरून तोंड लिंपते, आणि अंड्यातून निघालेले पिल्लू त्या जिवंत अळ्या खाऊन माशी होते. ध्यानाचा तेथे मागमूसही नाही.

न्यायसूत्रांच्या व्याख्येप्रमाणे ज्या गोष्टीविषयी सामान्य माणूस आणि परीक्षक यांची बुद्धी एक होते तो दृष्टान्त. या कसोटीवर कोळी टिकतो, कुंभारीण टिकत नाही. मात्र दृष्टान्त समजावतो, सिद्ध करीत नाही, म्हणून तो गळून पडल्याने ध्यानाने तद्रूपता येते की नाही हा प्रश्न जिथे होता तिथेच राहतो. (भाविकांना यात अवमान वाटण्याचेही कारण नाही.) हे गुरू आपण आपल्या बुद्धीने पत्करले, असे अवधूताने यदुराजाला आरंभीच सांगितले आहे.