पुन्हा मागण्याचा हक्क

बेंगळुरूच्या शेषाद्री रोडवर फ्रीडम पार्क आहे. पूर्वी इथे मध्यवर्ती तुरुंग होता. बाग करताना टेहळणीचा मनोरा आणि काही कोठड्या राखून ठेवल्या. कब्बन पार्कलगतची उच्च न्यायालयाची तांबडी इमारत इथून पायी अर्ध्या तासाच्या आत येते. आणीबाणीत मात्र एवढी वाट इथल्या राजबंद्यांना दीड वर्षांतही सरली नाही.

पक्षांतरबंदी विधेयकावरच्या संसदीय समितीच्या कामासाठी वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि राजापूरचे खासदार मधू दंडवते बेंगळुरूला आले होते. २६ जून १९७५ रोजी चौघांनाही अटक झाली. दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेले प्राध्यापक. पुढे पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. नवरा इथे, बायको तिथे, आणि संसार पत्रांवर.

चौघांनी कर्नाटक उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचे अर्ज केले. मराठीत याला नेमका शब्द आहे, देहोपस्थिती. कोंडलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणा आणि कोणत्या कायद्याने कोंडलं ते सांगा, एवढीच ती मागणी. सरकारचं उत्तर होतं की २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने १४, २१ आणि २२ ही कलमं न्यायालयात मागण्याचा हक्कच स्थगित आहे, तेव्हा अर्ज ऐकूच नका. न्या. डी. एम. चंद्रशेखर आणि न्या. एम. सदानंद स्वामी यांनी हा आक्षेप मानला नाही. पुढे एकाची बदली अलाहाबादला झाली, दुसऱ्याची गुवाहाटीला. देशातल्या ९ उच्च न्यायालयांनी बंद्यांचे अर्ज ऐकता येतात असंच म्हटलं. त्यावर सरकारं सर्वोच्च न्यायालयात गेली.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. हेबियस कॉर्पसच्या जुन्या परंपरेत दोन पारडी मुद्दाम असमान ठेवलेली होती. १८९० साली ‘कॉक्स विरुद्ध हेक्स’ या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की या अर्जावर एकदा सुटका झाली की तिच्याविरुद्ध अपील नाही. आपल्याकडे गुलाम सरवर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंद्याच्या बाजूने दार उघडं ठेवलं. उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला तरी कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात नव्याने दाद मागता येते, आधीचा निकाल त्याला आडवा येत नाही. दुसरी वाट कलम १३६ ची, विशेष अनुमती याचिकेची. वकील तिला ‘एसएलपी’ म्हणतात. तिथे अपील हक्काने मिळत नाही, आधी अपिलाची परवानगी मागावी लागते आणि ती देणं न देणं न्यायालयाच्या मर्जीवर असतं.

जमिनीच्या वादात अशी मर्जी समजू शकते. कोठडीतल्या माणसाचं तसं नाही. चुकीच्या निकालाने गेलेली जमीन परत मिळू शकते, कोठडीत गेलेला महिना मिळत नाही. म्हणून अर्ज फेटाळल्यावर पुन्हा दाद मागण्याचा त्याचा हक्क इतर कुठल्याही पक्षकारापेक्षा मोठा असायला हवा.

२८ एप्रिल १९७६ ला सरकारांच्या त्या अपिलांवर, म्हणजे जबलपूर खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. बहुमतात पुण्याचे न्या. य. वि. चंद्रचूडही होते, हे मराठी माणसाने विसरू नये. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले आणि पुढे त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. ९ न्यायालयांनी उघडलेलं दार एका निकालाने बंद झालं.

त्याच वर्षी बेंगळुरूच्या या तुरुंगात अभिनेत्री स्नेहलता रेड्डी होत्या. त्यांना दमा होता. रात्रीच्या शांततेत त्यांच्या किंकाळ्या आपल्याला ऐकू येत, असं दंडवत्यांनी नंतर लिहून ठेवलं आहे. पॅरोलवर सुटल्यावर काही दिवसांतच, २० जानेवारी १९७७ रोजी, त्या गेल्या.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तजवीज केली. जबलपूरचा निकाल मात्र तसाच राहिला. बेंगळुरूचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध याचिका केली. तिच्यातून निघालेल्या खासगीपणाच्या प्रश्नावर २४ ऑगस्ट २०१७ ला ९ न्यायमूर्तींनी निकाल दिला आणि त्यात तो रद्दबातल ठरवला. तसं लिहिणारे होते न्या. धनंजय चंद्रचूड, य. वि. चंद्रचूडांचे चिरंजीव. मुलाने वडिलांची चूक दुरुस्त केली याचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं. पण मधे ४१ वर्षं गेली. दंडवते २००५ सालीच गेले होते.

म्हणून वाटतं, अशा अर्जावर अपिलाची परवानगी नाकारायची तर कारणं लिहून नाकारावी, आणि ‘हो’ असो वा ‘नाही’, उत्तर दिवसांत मिळावं. देहोपस्थितीचा अर्ज देह असेपर्यंतच कामाचा असतो. फ्रीडम पार्कातल्या त्या रिकाम्या कोठड्या कुणी नुसत्या पाहून परतू नये. स्नेहलताबाईंना इथे किती दिवस काढावे लागले, ते तिथे उभं राहून मोजावं.