बँकर

लेकीकडे पिट्सबर्गला आले की रविवारी कुठे जायचं यावर घरात खल चालतो. या खेपेला सात वर्षांच्या नातवाने एका शब्दात निकाल लावला : आगगाडी. थालीपिठांचा डबा बांधला आणि दोनेक तासांवरचा ॲलेगेनीचा डोंगर गाठला.

वाटेत आधी क्रेसन लागलं. गाव एवढंसं, पण रुळांच्या कडेला खास उंच चौथरा बांधून त्यावर बाक टाकलेले. कशासाठी? तर येणाऱ्या-जाणाऱ्या मालगाड्या बघत बसायला! पुढच्या गॅलित्झिनमध्ये १८५४ सालच्या बोगद्याजवळ छोटीशी बाग, आणि बागेत १९४२चा गार्डाचा डबा. आपल्याकडे त्या जागी कुणा थोर माणसाचा पुतळा उभा राहिला असता. पुतळ्याला मी नमस्कार केला असता आणि पुढे गेले असते; या डब्यापाशी मात्र पाऊण तास मोडला.

खरं ठिकाण त्यापुढे, अल्टूना गावाजवळ : हॉर्सशू कर्व्ह. डोंगराच्या कुशीत घोड्याच्या नालेसारखं वळलेलं रूळमार्गाचं वळण आणि वळणाच्या पोटात बाग. लेक-जावई वर जायला फ्युनिक्युलरमध्ये बसले. नातू म्हणाला, पायऱ्याच. १९४ पायऱ्या. गुडघ्यांनी दर दहा पायऱ्यांना माझी चौकशी केली.

वर गेलो तर गाडी नाही. पंधरा मिनिटं, अर्धा तास. नातू कंटाळून खडे वेचू लागला. मी लोणावळ्याची, वडील रेल्वेत; गाडीची वाट बघणं हा आमच्या घरचा धर्म. मी बसून चढ न्याहाळत राहिले. इथे दरी ओलांडायला पूल बांधला नाही. एडगर थॉमसन या इंजिनिअरने डोंगराच्या कडा तासून दरीत भराव घातला आणि गाडीलाच लांबून वळसा घ्यायला लावलं. काम केलं बहुतेक आयर्लंडहून आलेल्या मजुरांनी, कुदळ-फावड्यांनी. १८५४च्या फेब्रुवारीत मार्ग सुरू झाला. चढ साधारण पंचावन्नाला एक.

आमच्या बोरघाटात सदतीसला एक. तो मार्ग १८६३चा, म्हणजे नऊच वर्षांनी धाकटा. आमच्या घाटात असं ऐसपैस वळायला जागाच नव्हती. म्हणून गाडी कड्याच्या टोकाशी थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि शेवटचा डबा पहिला होऊन गाडी उलट्या तोंडाने पुढचा डोंगर चढायची. त्या जागेला वडील नुसतं ‘रिव्हर्सिंग’ म्हणत, जणू ते एखाद्या गावाचं नाव. पुढे नवा मार्ग झाला आणि ते ठाणं सुटलं. घाट बांधताना पटकीने माणसं पटापट गेली, हेही तेच सांगायचे, पण जेवताना नाही. त्या माणसांच्या नावाचा एक बाक तरी खंडाळ्याला असावा, असं इथल्या बाकावर बसल्या बसल्या वाटून गेलं.

एवढ्यात रूळ किंचित कुरकुरले. खालून मालगाडी आली, अगदी दमात. दोन इंजिनं आमच्यासमोरून गेली, वळली, दरीच्या पलीकडच्या अंगाला पोचली, तरी अलीकडे डबे येतच होते. नातवाचा आकडा शंभराच्या पुढे गेला आणि चुकला.

“आजी, या दोन गाड्या आहेत?”

“एकच रे.”

मग शेवट आला. शेवटच्या डब्याला खेटून आणखी दोन इंजिनं, जीव खाऊन रेटणारी.

“बँकर!” मी इतक्या जोरात ओरडले की लेक दचकली. कर्जतला गाडी थांबायची, आई खिडकीतून वडे घ्यायची आणि मागे धक्का बसला की वडील म्हणायचे, लागला बँकर.

“बँकर म्हणजे बँकेतला?”

“बँकेतला नाही रे. घाटात मागून ढकलतो तो.”

शेजारच्या बाकावर एक आजोबा वहीत इंजिनांचे नंबर टिपत होते. आमचं काय चाललंय ते लेकीने त्यांना सांगितलं. ते हसले, म्हणाले, इथे त्याला हेल्पर म्हणतात. नातवाने मान हलवली. आणि पुढची गाडी दिसताच उठून, हात हलवत, साऱ्या दरीला ऐकू जाईल असं ओरडला, “गो, बँकर, गो!”