दुखत नाही तेव्हाच

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयांत साधारण 10 ते 20 लाख स्त्रीबीजं असतात. ती वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाखच उरतात आणि पुढे आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम 400-500. बाकीची शरीर गुपचूप मिटवून टाकतं. सूज नाही, कळ नाही. पेशीनं वेळ आली की स्वतःला संपवणं हा जगण्याचाच भाग आहे. 1972 साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिलं.

हे मरण रोखणारी प्रथिनंही शरीरातच असतात आणि तीही हवीच असतात. पाळीनंतर गर्भाशयाचं अस्तर वाढू लागतं, तेव्हा त्यात ‘बीसीएल-2’ हे प्रथिन वाढतं. बीज सुटल्यावर ते ओसरतं. ओसरणं महत्त्वाचं. कर्करोगात अशी प्रथिनं वेळ टळली तरी हटत नाहीत. अंडाशयाच्या कर्करोगात बीसीएल-एक्सएल, एमसीएल-1, एक्सआयएपी ही प्रथिनं बिघडलेल्या पेशीला तगवून धरतात. सिस्प्लॅटिन हे औषध पेशीच्या डीएनएला इजा करून तिला मरायला भाग पाडतं. पण मरणाची वाटच अडलेली असेल तर औषध निष्प्रभ होतं. एका प्रथिनाला आवर घालावा, तर दुसरं त्याचं काम उचलतं. म्हणून ही लढाई अवघड आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र हा अडथळा कोण आणतो ते आपल्याला ठाऊक आहे. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटानं 1983 मध्ये अशा गाठींत एचपीव्ही-16 हा विषाणू शोधला. 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या विषाणूचं ई6 प्रथिन पेशीतल्या पी53 चा नाश घडवून आणतं. बिघडलेल्या पेशीला मरणाचा हुकूम देणारं प्रथिन म्हणजे हे पी53च. बहुतेक बायकांच्या शरीरातून हा विषाणू आपोआप जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांच्यात कर्करोग व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं जातात. त्या सगळ्या वर्षांत काहीच दुखत नाही.

आमच्या वेळापुरात काय किंवा माळशिरस तालुक्यातल्या कुठल्याही गावात काय, “दुखत नाही, मग दवाखान्यात कशाला?” हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. त्याचं उत्तर आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीनं दिलं आहे. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या साथीनं शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास झाला. 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: एचपीव्हीची तपासणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेसाठी एका गटाची तपासणी केलेली नव्हती. त्या गटातल्या बायका गेल्या, तेव्हा कुठे हा फरक जगाला दिसला. त्यांचं ऋण तपासणी गावोगाव पोचवूनच फिटेल.

एचपीव्हीला रोखणाऱ्या लसीच्या एका डोसाचं बळ कळलं त्यातही बार्शीचा वाटा आहे. 2009 मध्ये सुरू झालेली या लसीची देशव्यापी चाचणी 2010 मध्ये सरकारी आदेशानं थांबली आणि अनेक मुलींना एकच डोस मिळाला. पुढची दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तेव्हा तेवढ्यानंही भक्कम संरक्षण मिळतं असं दिसलं.

वेळापूरच्या अर्धनारी नटेश्वराच्या नावातच स्त्री आणि पुरुष एका देहात नांदतात. हा विषाणूही स्त्री-पुरुष दोघांच्या देहांतून फिरतो; तरी त्याचं दुखणं ‘बायकांचं’ म्हणून बायकांवरच सोडलं जातं. लेकीच्या लसीची चौकशी बापानं करावी. तिशी ओलांडलेल्या बायकोला नवऱ्यानं स्वतः तपासणीला न्यावं, सासूनं सुनेला घेऊन जावं. पेशीत रुतलेला अडथळा काढणं अजून मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही जड जातं. तो रुतण्याआधी गाठणं मात्र तालुक्याच्या दवाखान्यातही जमण्यासारखं आहे, आणि त्यासाठी दुखण्याची वाट पाहायची नसते.