गटाचे दप्तर

१९६२ साली अप्पा पेंडसे यांनी पुण्यात स्थापिलेल्या ज्ञान प्रबोधिनीच्या ज्या कार्यकर्त्या तोरणा-राजगडाच्या परिसरातील वेल्हे व शेजारचा भोर या तालुक्यांत महिलांच्या बचत गटांसाठी वाड्यावस्त्यांवर पायपीट करीत राहिल्या, त्यांच्याविषयी मला नितांत आदर वाटतो. भातलावणीने कंबर मोडलेल्या बायका दिवेलागणीनंतर एकत्र जमतात, दरमहाची बचत मोजून देतात, कर्जाची मागणी सर्वांसमक्ष मांडतात आणि अंगठा उमटविण्याऐवजी एकेक अक्षर जुळवीत वहीत सही करतात. सावकार तारणावाचून ज्यांना उभे करीत नसे, त्यांना येथे परस्परांचा विश्वासच जामीन राहतो. शिवाय व्याजही गटाच्याच गंगाजळीत पडते. बियाण्यासाठी वा औषधपाण्यासाठी कोणापुढे हात पसरावा न लागणे, ही मला फार मोठी मुक्ती वाटते. आता अनेक गटांचे दप्तर गावच्याच लेकीसुना सांभाळतात.